बिनपाण्याचे जलरंग

आमच्या घरात ‘मोफत’ या शब्दाला फार मान होता. नांदेडात कुठं मोफत नेत्रतपासणी असली की बाबा आम्हा सगळ्यांना रांगेत नेऊन उभं करायचे, डोळे कितीही धड असोत. मोफत दंतचिकित्सा झाली, मोफत योगासनं झाली, एकदा तर मोफत कायदेविषयक सल्लाही घेऊन झाला. आमच्यावर कुणी खटला भरलेला नव्हता आणि आम्हीही कुणावर भरलेला नव्हता, पण बाबा तासभर बसून सल्ला घेऊन आले आणि रात्री जेवताना आईला वहिवाटीचा हक्क समजावून सांगत राहिले. त्यामुळं माझी नववीची परीक्षा संपली आणि ‘हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत ललित कला प्रशिक्षण शिबिर, लातूर’ अशी चार ओळींची बातमी बाबांनी पेपरात वाचली, तेव्हाच माझी उन्हाळ्याची सुट्टी संपली.

“ललित म्हणजे काय हो?” आईनं भाकरी थापता थापता विचारलं.

“ललित म्हणजे बारीक काम,” बाबा म्हणाले. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि कुठल्याही शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नसला तर ते तो जरा मोठ्यानं सांगत. “इंजिनेरिंगला ड्रॉइंग लई असतं. आमच्या हापिसातला इंजिनेर दिवसभर रेघाच ओढत बसतो. पोरीचा हात आत्ताच बसला तर पुढं जड जायचं न्हाई. आन राहायला निर्मला हायच की.”

निर्मला म्हणजे माझी आत्या. लातूरच्या सरकारी दवाखान्यात ती परिचारिका होती, एकटी राहायची, आणि सगळं खानदान तिला जरा घाबरून असायचं. शिक्षण मोफत, राहणं मोफत, जेवण मोफत. बाबांच्या चेहऱ्यावर मी तेवढं समाधान नंतर फक्त माझ्या लग्नात पाहिलं, कारण मुलाकडच्यांनी हॉलचा खर्च स्वतःकडं घेतला होता. मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही काही सांगू शकले नसते. शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही दरवर्षी तोच डोंगर, तोच अर्धा सूर्य आणि त्याच चौकोनी घरातून येणारी तीच वाट काढत आलो होतो. नांदेडच्या कुठल्याही खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, पण तसं म्हणायची पद्धत नव्हती.

आत्मकथन साठीनंतर लिहावं असं म्हणतात. मी अजून साठीपासून बरीच लांब आहे, पण मी चित्रकलेची शिक्षिका आहे आणि आम्ही लवकर म्हातारे होतो. आमचा तास गणितवाले मागून नेतात, विज्ञानवाले न मागता नेतात, आणि स्नेहसंमेलन आलं की सगळे मिळून पडदा रंगवायला आम्हालाच शोधतात. या धंद्यात मी कशी आले असं मुलं विचारतात, तेव्हा मी ‘आवड होती’ असं सांगून मोकळी होते. खरं कारण सांगायला एवढं प्रकरण लागतं.

नांदेडला आमच्या घरात पाण्याचा आवाज दिवसभर असायचा. गोदावरी जवळ, नळाला तोटी नाही, आई अंगण धुवायची, ओटा धुवायची, धुतलेला ओटा परत धुवायची. लातूरला आत्याच्या दारात पाय ठेवला तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. घरात निळे ड्रम होते. बाल्कनीत ड्रम, मोरीत ड्रम, बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी ड्रम, आणि प्रत्येकाच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. नळाला पाणी यायचं, पण ते कधी येणार हे नगरपालिकेलाही माहीत नसायचं. आत्याकडं कुणी आलं की ती विचारायची, “चहा घेता?” आणि पाहुणा ‘नको, नुसतं पाणी द्या’ म्हणाला की तिचा चेहरा पडायचा. चहा अर्ध्या कपात भागतो. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, अंघोळीचं पाणी लादीला, लादीचं पाणी संडासाला, असा प्रत्येक थेंबाचा पुढचा मुक्काम ठरलेला होता. सकाळी ती सुशीला करायची, म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे मुरमुरे. आई ते पाण्यात बुडवून पिळून घेते. आत्या त्यांच्यावर ओल्या हाताच्या बोटांनी नुसता शिडकावा करायची, त्यामुळं तिची सुशीला खाताना शेजारच्या घरात ऐकू जायचं. शेंगदाणे मात्र सढळ हातानं घालायची.

“काय शिकवणारेत तिथं?” तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

मी बातमीचं कात्रण वाचून दाखवलं. स्थिरचित्र, निसर्गचित्र, जलरंग.

“जलरंग,” आत्या म्हणाली. जवळच्या ड्रमाचं कापड तिनं घट्ट केलं. मग म्हणाली, “लातूरमधी. मे महिन्यात. कोन शाना हाय गं ह्यो?”

हा शहाणा म्हणजे आबासाहेब. आत्याच्या घरामागं एक शाळा होती, शिबिर तिथल्या सभागृहात होतं, आणि सभागृहाच्या दारावर लावलेल्या कापडी फलकावर ‘ललित कला’ ही अक्षरं शोधावी लागत होती, कारण वरती आबासाहेबांचं नाव होतं, खाली त्यांची पदं होती आणि मधली जागा त्यांच्या मिश्यांनी घेतली होती. आबासाहेबांची अनेक कामं होती. लोकांना माहीत असलेलं काम म्हणजे टँकर. गावात दिवसभर त्यांचे टँकर फिरायचे, दोन्ही बाजूंना लाल अक्षरात त्यांचं नाव आणि नावाखाली ‘जलसेवा’. सेवा विकत मिळायची.

उद्घाटनाला समई होती, तिच्या वाती पंख्यानं विझत होत्या, म्हणून पंखा बंद केला, मग आम्ही सगळे घामानं निथळत आबासाहेबांचं भाषण ऐकत बसलो. “बालमित्रांनो,” ते म्हणाले, “पाण्याला जीवन म्हणतात. कलेलाही जीवन म्हणतात. म्हणजे दोन्ही एकच झालं. आणि ह्यो आबासाहेब तुम्हाला दोन्ही देऊन राहिलाय!” टाळ्या झाल्या. त्यानंतर शिबिराचे व्यवस्थापक सोनटक्के यांनी सूचना दिल्या. ते आबासाहेबांच्या बोटभर मागं उभे राहायचे आणि आबासाहेब हसले की हसायचे. कागद आपापला आणावा, रंग आपापले आणावेत, कागदाखाली धरायचा फळा आपापला आणावा, आणि ब्रश धुवायला घरून पाण्याची बाटली आणावी. शिबिर मोफत होतं, ते या अर्थानं.

आम्हाला शिकवायला कंधारचे मोमीन सर होते. किडकिडीत, खिशाला रंगाचे डाग, पायात झिजलेल्या चपला. ते कुठल्याशा विनाअनुदानित शाळेवर चित्रकला शिकवत, म्हणजे तिथंही त्यांना पगार नव्हता. आम्ही मोफत शिकतोय एवढंच पेपरात आलं होतं. सर मोफत शिकवतायत हे आलं नव्हतं. ‘जेवायची सोय होईल’ असं त्यांना सोनटक्केंनी सांगितलं होतं आणि ती रोज दुपारी एका डब्यातून होत होती. पहिल्याच दिवशी सरांनी आमच्या सगळ्यांचे डोंगर आणि सूर्य पाहिले, कागद शांतपणे गोळा केले आणि म्हणाले, “बेटा, लातूरमधी डोंगर कुठं पाहिलास?”

“कुठं न्हाई, सर.”

“मग जे हाय ते काढ की. डोळे दिलेत ना खुदानं? आधी बघायचं, मग काढायचं. हात लई शाना असतोय, त्याला सवयीचंच काढायचं असतंय. त्याचं ऐकायचं न्हाई.”

मग टेबलावर एक रिकामा माठ ठेवला आणि आम्ही तो काढत बसलो. माठ किती अवघड असतो हे त्या आठवड्यात कळलं. डावी बाजू आली की उजवी फुगायची. जलरंगाला आलो तेव्हा तर मजाच झाली. घरून बाटलीभर पाणी आणायला कुणाचीच आई तयार नव्हती. आत्यानं मला औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी दिलं आणि बूच घट्ट लावलं. शेवटी सगळ्या वर्गात मिळून दोन मग भरले आणि सगळे ब्रश त्यातच बुडले. दहा मिनिटांत त्या पाण्याला एक रंग आला आणि तोच रंग सगळ्यांच्या चित्राला आला. आमचा पेरू, आमचं केळं, आमचं आभाळ, सगळं एकाच रंगाचं. सर त्याला ‘लातुरी राखाडी’ म्हणायचे. उरलेलं पाणी मी इमानानं बाटलीतून घरी न्यायचे, कारण आत्यानं तसं बजावलं होतं, आणि ती त्यानं लादी पुसायची. त्या उन्हाळ्यात आत्याची फरशी जराशी राखाडी झाली. ती तशीच राहिली.

पण मला ते आवडायला लागलं होतं. हे मी आत्याला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच. सकाळी उठले की मी ड्रमांकडं बघत बसायची. ड्रमाच्या एका कडेला उजेड कसा पट्टीसारखा उभा राहतो, झाकणाच्या कापडाच्या घडीत सावली कशी गोळा होते. आत्या भाजी चिरायला बसली की मी तिच्या मनगटावरचं हाड बघायची. “काय बघायलीस गं टकामका?” ती म्हणायची. मी म्हणायची, काही नाही.

आणि मग भिंत आली. शाळेची रस्त्याकडची लांबलचक भिंत होती, तिच्यावर शिबिराच्या समारोपाला ‘पाणी वाचवा’ या विषयावर चित्रं काढायची असं आबासाहेबांच्या मनात आलं. भिंतीवर धूळ होती, जुन्या जाहिराती होत्या, पानाच्या पिचकाऱ्या होत्या. सोनटक्के म्हणाले, आधी धुवून घेऊ. आणि भर अकराच्या उन्हात आबासाहेबांचा टँकर आला, ड्रायव्हरनं जाड पाईप काढला आणि पाण्याची धार भिंतीवर सोडली. ‘पाणी वाचवा’ लिहायची भिंत.

त्या आवाजानं पहिलं दार उघडलं ते आत्याच्या गल्लीत. मग दुसरं. बायका हंडे, बादल्या, घागरी, पातेली घेऊन पळत आल्या. गल्लीत कित्येक दिवसांत नळ आला नव्हता. आत्या नुकती ड्यूटी संपवून आली होती, पांढरी साडी अंगावर, आणि ती सगळ्यांच्या पुढं होती. तिनं पाईपच धरला.

“सोड की बाई!” ड्रायव्हर ओरडला. “ह्ये भिताडाचं पाणी हाय!”

“भिताडाला तहान लागलीय का रे?” आत्या म्हणाली. “हितं माणसं वाळून राहिलीत, आन तू भिंतीला अंघोळ घालायलास?”

“वो सिस्टर, आबासाहेबांचं काम हाय!”

“आबासाहेबाला बोलीव. त्येचीबी घागर भरून देते.”

पाईप इकडून ओढला, तिकडून ओढला. पाणी भिंतीवर, बायकांवर, हंड्यात, गटारात. सोनटक्के ‘शिस्त, शिस्त’ म्हणत फिरत होते आणि भिजत होते. आम्ही पोरं आ वासून बघत होतो. तेवढ्यात मोमीन सरांचा आवाज आला, अगदी हळू. “कागद काढा. बसा खाली. असं मॉडेल परत मिळायचं न्हाई.”

आम्ही रस्त्याच्या कडेला मांड्या घालून बसलो आणि काढायला लागलो. मी आत्या काढली. पाय रोवलेली, पदर खोचलेला, दोन्ही हातांत पाईप, मान मागं वळवलेली. मनगटावरचं ते हाड मला तोंडपाठ होतं. मागं टँकर काढला, टँकरवरचं नाव काढलं, कारण ते होतं. हंडे काढले. भिंत काढली नाही. भिंत लांब जाताना बारीक कशी होत जाते ते मला जमत नव्हतं, खोडून खोडून कागद फाटायला आला, तेव्हा मी तो भाग कोराच सोडला. घरी जाऊन रंगवलं. त्या दिवशी घरात पाणी होतं, त्यामुळं रंग पहिल्यांदा स्वच्छ उतरले.

समारोपाच्या आधी प्रदर्शन होतं. सोनटक्केंनी निवडलेल्या चित्रांत डोळे असलेले पाण्याचे थेंब होते, रडणारी पृथ्वी होती आणि एका मुलीनं काढलेले आबासाहेब होते, मागं तेजोवलय. सरांनी मधोमध माझं चित्र लावलं. सोनटक्के घाबरले, काढा म्हणाले. सर म्हणाले, खिळा निघत न्हाई. एवढ्यात आबासाहेब आले. ते चित्रासमोर थांबले. आता वर्ग बंद, सरांचा डबा बंद, आणि बाबांना काय सांगू.

“वा!” आबासाहेब म्हणाले. “सोनटक्के, बघा! आपल्या टँकरवर माय-माऊल्यांची कशी झुंबड उडालीय! आन ही बाई कशी मायेनं पाणी घेऊन राहिलीय! नावबी बरोबर लिवलंय पोरीनं. कुनाची गं तू?”

मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सोनटक्के हसले.

नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. माझं चित्र छापून पत्रकं निघाली. ‘माय-माऊलींची तहान भागवणारे’ असं वरती, आणि खाली माझी आत्या, पाय रोवून, आबासाहेबांचं पाणी कृतज्ञतेनं स्वीकारताना. पत्रक दवाखान्याच्या भिंतीवर लागलं, केसपेपरच्या खिडकीवर लागलं. मेट्रननं, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य परिचारिकेनं, आत्याला बोलावून घेतलं. सरकारी नोकर प्रचार करतो, हे वरपर्यंत गेलं तर काय होतं ठाऊक आहे ना, असं विचारलं. माहूरच्या डोंगरावर एक जागा रिकामी आहे, हेही सहज सांगून ठेवलं. आत्या घरी आली, पत्रक टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

“ही मी हाय का गं?” तिनं विचारलं.

“हाव.”

“मग हितं मी हासून राहिल्यासारखी का वाटायलीय?”

ती हसत नव्हती. मी तिचे दात आवळलेले काढले होते. पण पत्रकाच्या स्वस्त छपाईत आवळलेले दात आणि हसणारे दात सारखेच दिसत होते.

मी दुसऱ्या दिवशी रडत सरांकडं गेले. म्हटलं, सर, मी खरं तेच काढलं होतं. सरांनी पत्रक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. “खरं काढलंस,” ते म्हणाले, “पण खोटं बोलायची सोय ठेवलीस. भिंत कुठाय? धार कुठं चाललीय? तू भिंत सोडलीस, आन तेवढ्या रिकाम्या जागेत आबासाहेब येऊन बसला.”

मी आज मुलांना हे वाक्य सांगते तेव्हा ती वहीत लिहून घेतात आणि पुढच्या चित्रात पुन्हा अवघड भाग ढगानं झाकून टाकतात. ते असो.

त्याच दिवशी सोनटक्के नवा हुकूम घेऊन आले. पोरीचं ते चित्र मोठं करून त्या धुतलेल्या भिंतीवर काढायचं, सगळ्या वर्गानं मिळून. हेच आमचं प्रात्यक्षिक, आणि केलं नाही तर प्रमाणपत्र नाही. आबासाहेब स्वतः अनावरण करणार, म्हणून भिंतीपुढं कनात बांधली, आत कुणी बघायचं नाही, सोनटक्केंनीही नाही. रंग आले, चढून रंगवायला बांबूची परांची आली, आणि या कामासाठी पाणी मागू तेवढं मिळालं. मी म्हटलं, मी काढणार नाही. सर म्हणाले, “काढ की. आता जागा मोठी हाय. भिंत मावेल.”

मग कनातीच्या आत सरांनी मला भिंत शिकवली. एका खिळ्याला सुतळी बांधली, तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “लांब जाणाऱ्या भिंतीची वरची रेघ खाली येते, खालची वर जाते. दोघी जिथं भेटायला निघाल्यात तिकडं आपला खिळा. सुतळी ताण, रेघ मार.” मी रेघा मारल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सपाट भिंत आत आत जायला लागली. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. बाबा म्हणाले होते ते खरं होतं, ललित म्हणजे बारीक काम. वर्गातल्या पोरांनी टँकर उचलला, हंडे उचलले, कुणी ड्रायव्हर काढला, कुणी ओले सोनटक्के काढले. मी आत्या काढली आणि धार काढली. धार आत्याच्या हातातून सुटून भिंतीवर आदळत होती, भिंतीवर अर्धवट लिहिलेल्या ‘पाणी वाच’ या अक्षरांवरून ओघळत होती आणि खाली गटारात जात होती. या वेळी आत्याचं तोंड मी उघडं ठेवलं. ती ओरडत होती, ते रस्त्याच्या पलीकडूनही कळत होतं.

अनावरणाला गल्ली लोटली होती. बॅन्ड होता, वार्ताहर होते, आत्या होती, आणि आत्यानं आग्रह करून आणलेल्या मेट्रनही होत्या. आबासाहेबांनी दोरी ओढली. कनात पडली. पण फोटोवाला समोर होता, त्यामुळं आबासाहेब चित्राकडं पाठ करून कॅमेऱ्याकडं बघत उभे राहिले आणि तसेच बोलायला लागले.

“हे चित्र,” ते मागं हात करून म्हणाले, “माझ्या कामाचा पुरावा हाय!”

लोक हसले. आबासाहेबांना वाटलं खूश झाले.

“माझं पाणी कुठं जातं, ते ह्या लेकरांनी दाखवलंय!”

आता बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. बॅन्डवाल्यानं चुकून ढोलावर टिपरी मारली. सोनटक्के हातवारे करत होते, आधी हळू, मग जोरात. आबासाहेबांना वाटलं, भाषण रंगलंय, चालू ठेवा म्हणतोय. “आन असंच पाणी,” ते कडाडले, “मी पाच वर्षं सोडत राहीन!” तेव्हा हशा एवढा मोठा झाला की त्यांना मागं वळून बघावंच लागलं.

ते बराच वेळ बघत होते. मला अजूनही वाटतं, तेवढ्या वेळात तरी त्यांनी चित्र नीट पाहिलं, सर म्हणायचे तसं. मग वार्ताहरांकडं तोंड करून म्हणाले, “लेकरंच हायती,” आणि गाडीत बसले. मेट्रन चष्मा वर करून चित्राजवळ गेल्या. “सिस्टर,” त्या आत्याला म्हणाल्या, “ह्याच्यात तुम्ही प्रचार करताना दिसत नाही. भांडताना दिसता. भांडायला खात्याची परवानगी लागत नाही.” माहूरची जागा कुणी दुसऱ्यानं भरली.

प्रमाणपत्र मला आजतागायत मिळालेलं नाही. शिबिर त्याच दुपारी संपलं असं जाहीर झालं. सर आपली पिशवी घेऊन कंधारच्या बसमध्ये बसले, जाताना म्हणाले, “भिंत झाली, आता आभाळ शिक.” बाबा मला न्यायला आले. त्यांनी भिंतीपुढं उभं राहून बराच वेळ चित्र पाहिलं आणि विचारलं, “हे इंजिनेरिंगला चालतंय का?” मी म्हटलं, नाही. नांदेडपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. पण शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं की पोरीनं लातूरला एक आख्खी भिंत काढली, आणि ती भिंत सांगताना दर वेळी थोडी लांब होत गेली.

भिंतीचं पुढं काय झालं ते आत्यानं सांगितलं. अनावरणाच्या दुसऱ्याच दिवशी सोनटक्केंनी चुना मारायला माणूस पाठवला. चुना कालवायला पाणी लागतं. म्हणून मागून टँकर पाठवला. टँकर गल्लीत वळताच बायकांनी तो अडवून हंडे भरून घेतले, आणि चुनेवाला कोरडी बादली घेऊन आत्याच्या दारात चहा पीत बसला. दुसऱ्या दिवशी परत टँकर, परत हंडे. आबासाहेबांना चित्र तर पुसायचं होतं, आणि निवडणुकीच्या तोंडावर बायकांच्या हंड्यातलं पाणी हिसकावून घ्यायचं नव्हतं. असं सगळा आठवडा चाललं. त्या आठवड्यात गल्लीतल्या पोरांनी डोक्यावरून अंघोळी केल्या, आत्यानं म्हणे चादरी धुतल्या. शेवटी सोनटक्केंच्या डोक्यात ऑइल पेंट आला. त्याला पाणी लागत नाही.

मग एके दिवशी आमच्या शेजाऱ्यांच्या घरी आत्याचा फोन आला, मला बोलावून दिलं. लांबून आल्यासारखा तिचा आवाज होता.

“करुणा, भिंत पुसली गं त्यांनी. हिरवा रंग दिलाय.”

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“मंग?” ती म्हणाली. “तू परत कधी येतीस? ड्रम रिकामे होऊन राहिलेत.”